बाबांचा आवाज आणि तांब्याच्या सात पट्ट्या

अन्याय माझ्या बाबांवर झाला. २००४ सालच्या सप्टेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळचे सव्वादहा, ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटचं जेवणाचं टेबल. फोन स्पीकरवर होता. समोर बाबा बसले होते, गळ्यापाशी श्वासासाठी केलेल्या छिद्रावर पातळ रुमाल बांधून. पाच महिन्यांपूर्वी कॅन्सरसाठी त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. पलीकडून बोलत होती ती ज्या कंपनीचं बोलकं यंत्र बाबा वापरायचे, त्या कंपनीची बाई.

"खातेदाराशी बोलावं लागेल," ती म्हणाली.

"खातेदार इथेच बसलेत. त्यांना बोलता येत नाही."

"त्यांनी फक्त स्वतःचं नाव आणि जन्मतारीख सांगितली की मी पुढे तुमच्याशी बोलू शकते."

"त्यांना आवाज नाही. म्हणूनच तर तुमचं यंत्र घेतलंय. ते बंद पडलंय म्हणून फोन केलाय."

"मी समजू शकते, मॅम. पण नियम आहे."

बाबांनी फोन जवळ ओढला आणि पेनाने त्यावर तीनदा टकटक केलं. बाई म्हणाली, लाइनवर आवाज येतोय, पुन्हा फोन करा. आणि ठेवला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. युनिव्हर्सिटीत कँटीन कामगारांच्या मोहिमेत पत्रकं लिहायचे. पत्रक कसं लिहायचं हे मोहिमेतल्या एका वयस्कर बाईंनी शिकवलं होतं: पहिल्या ओळीत कुणावर, कधी. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं. मधे रडायचं नाही. हे लिहितानाही मला दुसरी पद्धत येत नाही.

आता यंत्राबद्दल. तळहातावर मावेल एवढं होतं. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य, बोट ठेवलं की ते वाक्य ऐकू यायचं. वाक्यं बाबांनी ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली होती. 'जेवायला बसू या.' 'रिमोट कुठे आहे?' 'मीठ कमी आहे.' 'अभ्यास झाला का, का नुसतीच क्रांती?' हे शेवटचं माझ्यासाठी. सगळं मिळून एकशे बासष्ट वाक्यं, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डात. ते कार्ड कंपनीचं स्वतःचं, दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. ऑगस्टमधे 'जेवायला बसू या'मधलं 'बसू या' ऐकू येईना. मग एका सकाळी सगळे चौकोन कोरे.

रेकॉर्डिंग हरवलं नव्हतं. बाबा इंजिनिअर, चिप बनवणाऱ्या प्लांटमधले. त्यांनी सगळ्या फायली घरच्या कम्प्युटरवर दोनदा उतरवून ठेवल्या होत्या. पण त्या यंत्रात घालायला कार्डच नव्हतं. चार दिवस फोन केल्यावर एक दयाळू मुलगा भेटला आणि नियम बाजूला ठेवून त्याने खरं काय ते सांगितलं: कार्ड बनवणं बंद झालंय. नवं मॉडेल घ्या. त्यात रेकॉर्ड केलेला आवाज चालत नाही, मशीनचा आवाज येतो. इंग्रजीत.

म्हणजे बाबा आता बोलतील ते इंग्रजीत आणि दुसऱ्याच कुणाच्या गळ्याने.

शेजारी बाबांच्याच प्लांटमधले एक काका राहायचे, पुण्याचे. ते म्हणाले, "अरे यार, गाणी ऐकायच्या प्लेअरमधे टाका ना सगळं. कशाला झंझट?" तेही करून पाहिलं. एकशे बासष्ट नावांची यादी, एका बटणाने खाली खाली जायचं. बाबांना 'मीठ कमी आहे' सापडेपर्यंत आमची जेवणं उरकून ताटं सिंकमधे गेली होती. त्यांनी तरीही ते लावलं. आई नळ बंद करून म्हणाली, "उद्याच्या भाजीत टाकीन."

मग बाबांनी मेलेलं कार्ड ब्लेडने उघडलं. भिंगातून आतल्या चिपवरचा नंबर वाचला, त्या चिपची माहिती शोधून छापली, सातआठ पानं. दोन संध्याकाळी ती वाचली आणि माझ्यापुढे वही सरकवली. लिहिलं होतं: "आत बाजारातल्या साध्या कार्डासारखंच आहे. बोली तीच. फक्त कपडे वेगळे शिवलेत, म्हणजे दुसऱ्याचं आत जाऊ नये."

मी म्हणाले, "हे मुद्दाम केलंय."

त्यांनी लिहिलं: "हो. तू पत्रक लिही. मी माप घेतो."

आमचं काम असं ठरलं. मेलेल्या कार्डाच्या मापाची एक पातळ पट्टी कापायची, तांब्याचा थर असलेल्या फायबरच्या तक्त्याची. तो थर खोडून त्यातून सात बारीक रेघा ठेवायच्या, कार्डाच्या सात टोकांच्या जागी. पट्टीचं एक टोक यंत्रात जाणार, दुसरं बाहेर राहणार, त्यावर बाजारातलं कार्ड बसायला खाच. खाचेसाठी काकांनी त्यांच्या गॅरेजमधल्या जुन्या कम्प्युटरच्या केबलचं टोक कापून दिलं. साधं कार्ड त्यात असं चपखल बसलं की बाबांनी काकांच्या पाठीत थाप मारली. काका म्हणाले, "च्यायला, मी हे तीन वर्षं फेकणार फेकणार म्हणत होतो."

रेघांचं चित्र बाबांनी कम्प्युटरवर काढलं, मी कॉलेजच्या लायब्ररीत लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापून आणलं. तो कागद तांब्यावर उलटा ठेवून वरून इस्त्री फिरवायची. शाई तांब्याला चिकटते. मग पट्टी एका तपकिरी रसायनात बुडवली की शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. रसायनासाठी भांडं हवं होतं. आईने श्रीखंडाचा रिकामा डबा दिला आणि बजावलं, "इस्त्री माझ्या साड्यांची आहे. डाग पडला तर दोघांना उभं करीन."

पहिली पट्टी वाया गेली. का ते सांगते.

मी इस्त्री करत होते, बाबांकडे पाठ. आणि बोलत होते. कंपनीला काय काय लिहिणार ते: आवाज विकता आणि मुक्या माणसाकडे आवाज मागता, लाज वाटते का. मला मोठ्याने बोलायची सवय होती, मेगाफोन नसला तरी. मागे टेबलावर टकटक झाली. मला वाटलं बाबांचं पेन खेळतंय. पुन्हा टकटक, जोरात. मी म्हणाले, "ऐका ना बाबा, पुढचं वाक्य फार भारी आहे." वाक्य पूर्ण केलं, इस्त्री उचलली, वळले. बाबा अर्धवट उभे होते, हात पुढे केलेला. चित्र छापताना आरशातल्यासारखं उलटं करून छापायचं होतं. मी सरळच छापलं होतं. सगळ्या रेघा डावीच्या उजवीकडे गेल्या होत्या.

त्यांनी वही ओढून लिहिलं: "भाषण छान झालं. पट्टी उलटी झाली."

आई हसली. मीही हसले. ऑपरेशनआधीचे बाबा नुसतं 'थांब' म्हणाले असते आणि मी थांबले असते, एवढा विचार माझ्या डोक्यात आला आणि गेला. त्याच्यामागे काही आलं नाही. त्या वर्षी बऱ्याच गोष्टी अशाच यायच्या. बातमी यावी तशा.

दुसरी पट्टी जाड झाली, आत शिरेना. तिसरी बाबांनी सँडपेपरवर अर्धा तास घासली, सोल्डरिंग काकांनी केलं कारण बाबांचा हात रेडिएशननंतर थोडा कापायचा. शनिवारी दुपारी कार्ड बसवलं. पडदा उजळला. चौकोन भरले.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट ठेवलं.

"मीठ कमी आहे," बाबांचा आवाज म्हणाला.

आई ओट्यापाशी उभी होती. गॅसवर अजून नुसतं पाणीच होतं. ती म्हणाली, "चाखून तर बघा आधी," आणि पदराने तोंड पुसत आत गेली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा आणला आणि पट्टीचे फोटो काढले, पत्रकासाठी.

ही गोष्ट इथे संपवता आली असती. मी तशीच संपवून दोन ठिकाणी सांगितलीही आहे, मीटिंगमधे, टाळ्यांसाठी. ते खोटं होतं.

खरं सांगायचं तर ती एकशे बासष्ट वाक्यं कशी ठरली ते सांगावं लागेल.

ऑपरेशनच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. बाबांनी ऑफिसच्या पद्धतीने तक्ता केला होता: नंबर, वाक्य, दिवसात किती वेळा लागेल. हॉस्पिटलमधल्या नर्सने एक कागद दिला होता, कोणती वाक्यं आधी रेकॉर्ड करावीत त्याचा. सगळ्यात वर तीन होती. मला दुखतंय. मला श्वास घेता येत नाही. लगेच कुणाला तरी बोलवा. बाबांनी त्यांचं मराठी करून पहिले तीन नंबर दिले होते.

आईने तक्ता वाचला आणि त्या तिन्हींवर पेन फिरवलं.

"काहून?" बाबा म्हणाले. तेव्हा त्यांना म्हणता येत होतं, घोगरं का होईना. आम्ही नागपूरचे.

"ऑपरेशनला चार दिवस राहिले आणि तुम्ही घरात बसून हे बोलून राहिले? श्वास येत नाही म्हणे! वास्तू तथास्तु म्हणते."

"ही भाड्याची वास्तू आहे. अमेरिकन. तिला मराठी समजत नाही."

"तुम्हाला सगळी मस्करी. शुभ बोला. पहिलं वाक्य शुभ पाहिजे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डीनच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून आलेली मुलगी. वास्तू, तथास्तु, शकुन, या सगळ्यावर मी घरात किती वेळा बोलले होते. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा. ते काय, लिहून पण सांगता येईल."

आईच्या सांगण्यावरून पहिलं वाक्य झालं: 'मी मजेत आहे, काळजी नसावी.' पत्रात लिहितात तसं. बाबांनी ते मुद्दाम खणखणीत आवाजात म्हटलं, आईला हसवायला. पहिलं म्हणून यंत्रात त्याला सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा चौकोन मिळाला. नर्सचा कागद मी घडी करून ड्रॉवरमधे टाकला.

कार्ड चालू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी डायनिंग टेबलावर पत्रक लिहीत होते. पत्रकात कंपनीचा नियम होता, फोनवरचं संभाषण शब्दशः होतं, आणि पट्टीचं चित्र मापांसकट, म्हणजे कुणालाही घरी करता यावं. बाबा आतल्या खोलीत पडले होते.

"मी मजेत आहे, काळजी नसावी," आतून आलं.

आई म्हणाली, "बघ, खेळून राहिले."

"मी मजेत आहे, काळजी नसावी."

"चौथीतल्या पोरासारखे. नवीन कंपास मिळाला की कसं करतात."

"टेस्टिंग चालू आहे," मी म्हणाले.

"मी मजेत आहे, काळजी नसावी."

मी ओरडले, "आम्हीही मजेत!"

आई हसली. पिठाच्या हातानेच तिने मला गप्प बस अशी खूण केली, पण हसत होती. पाच महिन्यांत ती अशी हसली नव्हती. आतून आणखी एकदा आलं. मग 'मी मजेत' एवढंच. मग काहीतरी पडल्याचा आवाज.

हवेत वाफ सोडणारं मशीन पडलं होतं. बाबा पलंगाच्या कडेला वाकले होते, एक हात गळ्यावर, दुसऱ्या हातात यंत्र. ओठांचा रंग जांभळट. ॲरिझोनाची हवा कोरडी. गळ्यातल्या छिद्रातून थेट तीच हवा आत जाते आणि आतला कफ वाळून घट्ट होतो, हे नर्सने सांगितलं होतं. तसा एक गोळा अडकला होता. आई धावली, पिठाचे हात साडीला पुसले, मिठाच्या पाण्याचे थेंब छिद्रात टाकले, चिमट्याने तो बाहेर ओढला. वाटाण्याएवढा होता. मी ९११ लावला आणि पत्ता सांगितला. पत्ता नीट सांगितला, स्पेलिंगसकट. माझा आवाज अजिबात कापला नाही, हे मला आठवतं, आणि ते मला आवडत नाही.

बाबा वाचले. दोन दिवस हॉस्पिटलमधे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. लिहिलं: "आवाज खरखरतो का?"

"नाही," मी म्हणाले. "एकदम स्वच्छ येतो. स्वयंपाकघरापर्यंत."

"मग पट्टी पास."

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले. मला माफी मागायची होती, पण मराठीत घरातल्या माणसाची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कुणी कधी मागितली नव्हती. मी म्हणाले, "ज्यूस आणू?" त्यांनी लिहिलं: "नर्सचा कागद आण."

ती तीन वाक्यं आता बाबांच्या आवाजात होऊ शकत नाहीत. बाबांचा आवाज त्या एकशे बासष्टात संपला. त्यात कितीही शोधलं तरी 'श्वास' हा शब्द कुठेच नाही. मी सगळ्या फायली ऐकल्या, कापून जोडता येईल का म्हणून. 'मीठ' आहे. 'रिमोट' आहे. माझ्या क्रांतीची थट्टा आहे.

आई म्हणाली, मी बोलते. माइकसमोर बसली. "मला श्वास..." एवढ्यावर थांबली, दोन्ही हात कानांना लावले, पुटपुटली. पुन्हा बसली. काकांनी, जे मदतीला आले होते, हळूच विचारलं, "वहिनी, मी म्हणू का?" "नाही," आई म्हणाली, "खोडलं मी आहे." सहाव्या वेळी पूर्ण झालं. तिचा आवाज सपाट होता, रेल्वेच्या घोषणेसारखा. तिन्ही वाक्यं एका दमात बोलून ती उठली आणि राहिलेली पोळी भाजायला गेली.

आता सगळ्यात वरचे तीन चौकोन आईच्या आवाजात आहेत. बाबांना श्वास लागला की घरात आईचा आवाज ओरडतो. 'मी मजेत आहे' पानाच्या तळाशी गेलं. बाबा ते वापरत नाहीत.

पत्रक मी पूर्ण केलं. कंपनीने त्यावर नव्या मॉडेलचं माहितीपत्रक पाठवलं. पट्टीची मापं मी मागेल त्याला दिली, अजून देते. कंपनीवरचा माझा राग खरा आहे आणि तो मी सोडलेला नाही. मुक्या माणसाला स्वतःचं नाव बोलून सांगा म्हणणाऱ्यांना मी माफ करणार नाही. पण त्या रविवारी बाबांचा आवाज अडवला तो कंपनीने नाही. तो आम्ही एप्रिलमधेच अडवला होता, स्वतःच्या टेबलावर, निळ्या पेनने, प्रेमाने. आणि मी, जिचं काम बोलणं आहे, मी तिथे बसले होते.

म्हणून माझी मागणी कंपनीकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात कुणाचं घशाचं, जिभेचं, फुप्फुसाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आज त्यांना समोर बसवा आणि त्यांच्या तोंडून म्हणवून घ्या, रेकॉर्ड करा: मला दुखतंय, मला श्वास घेता येत नाही, लगेच या, नको, थांब. त्यांना नसेल बोलायचं तर भांडा. वडीलधारे रागावतील, रागावू द्या. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे. 'मी मजेत आहे' सगळ्यात शेवटी घ्या, आणि वेळ उरला तरच.